पावसात रॉड चिकटतो, मे महिन्यात चेनसॉ तिरका कापतो: माझ्याकडे दोन्हींचं मूळ एकच निघालं

दरवर्षी जुलै लागला की माझ्या वेल्डिंग मशीनचं तेच दुखणं सुरू व्हायचं. वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवला की चिकटायचा. हिसका देऊन सोडवला की टोकाचं कोटिंग गळून पडायचं आणि उघडी तार पुन्हा चिकटायची. आर्क (रॉड आणि लोखंड यांच्यातली सलग ठिणगी) लागलाच तर फडफड आवाज, चहूकडे शिंतोडे. स्लॅग (टाक्यावरची कडक खपली) ठोकून काढला की खाली सुईने टोचल्यासारखी भोकं, आंबोळीला पडते तशी जाळी. ऑक्टोबर उजाडला की तेच मशीन, तोच हात, आणि टाका सरळ, गुळगुळीत. तीन पावसाळे मी मशीनला दोष दिला. दोनदा दुरुस्तीला नेलं. एकदा काहीतरी बदलून मिळालं, एकदा ‘दोष सापडला नाही’ म्हणून परत आलं.

ज्यांच्याकडे जुनं, दुसऱ्याच्या हातून आलेलं मशीन आहे त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. म्हणून मी कुठे चुकलो आणि शेवटी दोष कसा सापडला, ते सगळं लिहितो.

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला. पुढे अंगण, मागे जुना गोठा. आता त्यात गुरं नाहीत, माझी हत्यारं आहेत. मशीन २०० अँपिअरचं इन्व्हर्टर, म्हणजे वेल्डिंगचं; घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे. मार्च २०१८ मध्ये इथल्या लोहखनिजाच्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, तेव्हा आमच्या भागातल्या बऱ्याच गॅरेजवाल्यांनी सामान काढलं, त्यातलंच हे एक. चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, ५८ सीसीचा, तोही वापरलेलाच घेतला. हौस आहेच, पण गरजही आहे. आमच्याकडे न्हाणीचं पाणी अजून लाकडावर तापतं, घरचे तांदूळही चुलीवरच उकडतात. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, दिवसांत जसं मीठ, मिरची, सोलं भरून ठेवायची, तसंच जळणही पहिल्या पावसाआधी फोडून आत रचायचं असतं.

माझी खरी चूक अशी होती की मी एकेक उपाय करून बघत होतो. एकदा नवे रॉड आणले, फरक पडला नाही. मग ते ठेवून करंट वाढवला, तर पातळ पत्र्याला भोक पडलं. एकदा क्लॅम्प (करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा) बदलला, तरीही तेच. प्रत्येक वेळी मनाशी म्हटलं, म्हणजे हेही कारण नाही, मशीनच गेलं. पण दोष एक नव्हता, तीन होते, आणि तिन्ही एकदमच पावसाबरोबर येत होते. एक काढला तरी उरलेले दोन रॉड चिकटवायला पुरेसे होते.

वायर

हा दोष मला सापडला नाही, शेजारच्या काकांना सापडला. त्यांची हयात खाणीवरच्या डंपरांच्या बॉड्या जोडण्यात गेली. मी मशीनचं झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो होतो. ते दारात छत्री मिटत उभे राहिले आणि म्हणाले, “बाबा, पयलीं वायर पळय.” (आधी वायर बघ.) मग वाकून एक्स्टेंशनच्या गुंडाळीवर त्यांनी तळहात ठेवला आणि माझाही हात ओढून तिथे टेकवला. मधले वेढे कोमट नव्हते, चांगले गरम होते. प्लास्टिक मऊ पडून एकमेकांना चिकटायला लागलं होतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कोरड्या दिवसांत मी अंगणात काम करतो, घराच्या १६ अँपिअरच्या सॉकेटपासून पाच पावलांवर. पाऊस सुरू झाला की सगळं उचलून गोठ्यात जातो आणि मग घरातून ३० मीटरची वायर ओढतो. वायर होती १ चौरस मिलिमीटरची, मिक्सर किंवा दिवा चालवायला ठीक.

हिशेब असा. १ चौ. मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम. ३० मीटर जायचे आणि ३० यायचे म्हणजे ६० मीटर, रोध झाला १ ओहमच्या थोडा वर. अडीच मिमीचा रॉड ८० अँपिअरवर चालवताना इन्व्हर्टर भिंतीतून साधारण १५ अँपिअर ओढतो. म्हणजे १६ व्होल्ट वाटेतच गेले, आणि जवळपास अडीचशे वॅट उष्णता त्या गुंडाळीत तयार झाली. घरच्या वायरिंगमध्ये आणखी पाच-सहा व्होल्ट पडतात. शिवाय एवढ्या बारीक वायरीतून इतका करंट नेणं हाच आगीला आमंत्रण देणारा प्रकार आहे, आणि मी ते तीन वर्षं करत होतो.

हे तपासायला मशीन उघडावं लागत नाही. प्लगसारखा सॉकेटमध्ये बसणारा व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर मिळतो. तो त्याच एक्स्टेंशन बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा आणि कुणाला तरी आकडा वाचायला सांगा. माझ्याकडे मशीन नुसतं चालू असताना २२६ दिसत होते, आर्क लागल्यावर २०३. रॉड टेकवतो त्या क्षणी शॉर्ट होतो, मशीनने त्या क्षणी जास्तीचा करंट रेटायला हवा. आत येणारा विजेचा दाबच (व्होल्टेज) पडलेला असेल तर स्वस्तातली मशीनं तो रेटा देऊ शकत नाहीत, आणि रॉड बसतो चिकटून.

मी ४ चौ. मिमीची तीन कोअर तांब्याची केबल घेतली. त्याच ३० मीटरवर आता चारच व्होल्ट जातात. ती केबल माझ्या मशीनच्या मानाने महाग पडली, हे खरं. पण दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांचे पैसे धरले तर आधीच घ्यायला हवी होती. अडीचची घेतली तरी निभावेल, पण गुंडाळी नेहमी पूर्ण उलगडूनच वापरा.

मीटर मशीन नुसतं चालू असतानाच २०० दाखवत असेल तर दोष तुमच्या वायरीत नाही. गावाच्या टोकाच्या घरांत संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि गीझर लागले की दाब उतरतो. मी त्यासाठी सकाळीच काम उरकतो.

रॉड

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या रॉडचं काय होत असेल! भोकांचं मूळ हेच. कोटिंगमधल्या पाण्याची आर्कमध्ये वाफ होते, वायू वितळलेल्या लोखंडात अडकतो आणि टाका थिजताना जाळी ठेवून जातो.

ओळखायला सोपं आहे. दोन रॉड एकमेकांवर आपटा. कोरडे खणखण वाजतात, दमट बद्द. कोटिंगवर पांढरी भुकटी उठली असेल किंवा होल्डरकडच्या उघड्या टोकापासून गंज कोटिंगखाली शिरला असेल तर तो रॉड वाचवत बसू नका, फेकून द्या. नुसताच दमट असेल तर वाळवता येतो. आपण घरी वापरतो तो बहुतेक ई ६०१३, दुकानात ‘बारा नंबर’ म्हटलं की अडीच मिमी आणि ‘दहा नंबर’ म्हटलं की सव्वातीनच्या आसपासचा मिळतो. याला १०० ते ११० अंशांवर तासभर पुरतं. जास्त तापवून फायदा नाही, उलट कोटिंग बिघडतं. मी जुना ओव्हन खास यासाठी ठेवलाय. ज्यात नंतर केक किंवा नानकटाई भाजायची आहे त्यात रॉड ठेवू नका. चुलीच्या कडेला वाळत घालण्याचा प्रकारही मी करून पाहिला. एक टोक करपतं, दुसरं तसंच राहतं.

कुणी सांगेल, मजबूत जोडासाठी ई ७०१८ वापर. रॉड उत्तम आहे, पण त्याचं पाकीट उघडं राहिलं की तो तीनशे-साडेतीनशे अंशांवर भाजून घ्यावा लागतो आणि गरम असतानाच वापरावा लागतो. घरच्या ओव्हनला ते जमत नाही. घोडी (कापायचं लाकूड ठेवायचा स्टँड) आणि फाटकांना ६०१३ पुरेसा आहे.

साठवायला मी तीन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे कापलेत. रॉड ३५० मिमीचा, तुकडा ४०० चा. एका बाजूला टोपी चिकटवलेली, दुसरीला घट्ट फिरणारी, आत सिलिका जेलच्या पुड्या. पाकीट फोडलं की थेट नळीत. एका वेळी पाच-सहाच बाहेर काढायचे. या नळ्यांतले रॉड मागच्या सप्टेंबरात न वाळवता वापरले, एकही भोक नव्हतं.

क्लॅम्प

गोठ्यातलं टेबल जुन्या पलंगाच्या लोखंडाचं. त्यावर गंज आणि त्याखाली निळा रंग. क्लॅम्प टेबलाला आणि जॉब (जोडायचा तुकडा) टेबलावर नुसता ठेवलेला. म्हणजे करंट दोनदा गंजातून जायचा. आता ग्राइंडरने रुपयाएवढी जागा चकचकीत करतो आणि क्लॅम्प थेट जॉबला लावतो. अंगणात मी जॉब जमिनीवर ठेवायचो म्हणून क्लॅम्प आपोआपच जॉबला लागायचा, इतकंच.

जुन्या मशीनबरोबर आलेल्या लीडकडेही (होल्डर आणि क्लॅम्पच्या जाड वायरींकडे) बघा. तीन-चार रॉड जाळा, मशीन बंद करा, आणि होल्डर, लीडचे जोड, क्लॅम्प एकेक करून हात लावून पाहा. जिथे चटका बसतो तिथे रोध आहे. माझ्या क्लॅम्पच्या लगमध्ये (वायरीचं टोक बसतं त्या धातूच्या टोपीत) तारांचे अर्धेअधिक धागे तुटलेले होते, वरून टेप गुंडाळलेला.

मग मशीन बिघडलंय की नाही, ते कसं कळणार

याला एकच मार्ग आहे आणि तो मी शेवटी अवलंबला, खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवा होता. सगळ्या चांगल्या गोष्टी एकत्र आणा. पाऊस उघडलेला असताना मशीन घराच्या सॉकेटला थेट लावा, मध्ये एक्स्टेंशन नको. नवं पाकीट फोडा. पाच-सहा मिमी जाड पट्टी घासून चकचकीत करा, क्लॅम्प तिलाच लावा. अडीचचा रॉड, ७५ ते ८० अँपिअर. आता आर्क नीट लागला आणि टाका सलग आला तर मशीन ठणठणीत आहे. मग वाईट गोष्टी एकेक करून परत आणा. आधी फक्त लांब वायर, मग ती काढून फक्त जुने रॉड, मग ते काढून फक्त टेबलावरचा क्लॅम्प. कशाने किती बिघडतं ते तुमच्या डोळ्यांसमोर दिसेल.

एवढं करूनही रॉड चिकटलाच तर मशीन कारागिराकडे न्या. पंखा ग्राइंडरचा लोखंडी भुगा आत ओढतो, पावसात त्यावर ओल धरते. पाली आणि मुंग्यासुद्धा आत घर करतात. स्वतः झाकण उघडण्याआधी एक लक्षात ठेवा: आत कपॅसिटर असतात, २३० व्होल्टचे सरळ केल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट त्यांत भरलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. मी आता झाकणाला हात लावत नाही.

पावसातल्या कामाबद्दल आणखी एक, आणि हे मनापासून सांगतो. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, आणि एक्स्टेंशनमध्ये अर्थची तार खरोखर जोडलेली आहे ना, ते पाहिलंच पाहिजे. पण होल्डरच्या बाजूचा धक्का तो आरसीसीबी अडवत नाही, कारण ती बाजू आतून वेगळी असते. तिथे रॉड टेकवलेला नसताना ६० ते ८० व्होल्ट असतात. ओले हातमोजे, ओली चड्डी आणि खाली ओली जमीन असेल तर तेवढे पुरतात. कोरड्या फळीवर उभे राहा. हातमोजे ओले झाले तर काम थांबवा.

आता चेनसॉ

माझा चेनसॉ मे महिन्यात तिरका कापायला लागला. ओंडक्यात सरळ घातला तरी काप डावीकडे वळत जाऊन अर्ध्यावर बार (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) अडकायचा. तिरका काप म्हटलं की पहिला संशय चेनच्या दातांवर घ्यावा, तसा मीही घेतला. उजव्या हाताने कानस चालवणाऱ्याची एक बाजू जास्त घासली जाते. दोन्ही बाजूंच्या दातांची लांबी व्हर्नियरने मोजली. सगळ्यात आखूड दात धरून बाकीचे तेवढे केले, प्रत्येक दाताला मोजून सारखे फटके दिले. माझी चेन ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर), तिला ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंशांचा कोन. दात किती खोल घुसेल ते ठरवणारा त्याच्यापुढचा ठोकळा दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. काप पडायला लागला तो भुश्याचा नाही, चांगल्या ढलप्यांचा. पण तरीही तिरकाच.

तीनदा धार लावली. मग बार काढला, कॅरमच्या बोर्डावर उभा धरला आणि सोडला. सरळ बार क्षणभर सरळ उभा राहतो. माझा लगेच एका बाजूला कलला. एक कड वाकून खोबण फाकली होती. त्या फाकलेल्या खोबणीत चेन कलून चालत होती, आणि चेन जिकडे कलेल काप तिकडेच जाणार.

कड वाकली कशी? आठवून पाहिलं तेव्हा एप्रिलमधली एक दुपार आठवली. लाकूड ठेवायची माझी लोखंडी घोडी, जी मी जुलैत गोठ्यात जोडली होती, तिचा एक पाय सुटला होता. जांभळीचा ओंडका कापत असताना तो खाली बसला, काप मिटला आणि बार मधोमध चिमटला गेला. मी पाय तसाच टेकवून ठेवला, बार ओढून काढला आणि काम पुढे सुरू केलं. आता सुटलेला तो जुना जोड हातात घेऊन नीट पाहिला. तुटलेल्या तोंडावर तीच जाळी होती, राखाडी, पोकळ. निम्मा जोड हवेचाच होता. जुलैतल्या दमट रॉडने मे महिन्यातला काप तिरका केला होता.

बार चिमटणं थोडक्यात निभावलं. चेनसॉच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर यंत्र उलटून थेट अंगावर येतं, आणि घोडी खचली की टोक कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. मी घोडीचे चारही पाय कापून काढले आणि कोरड्या रॉडने नव्याने जोडले. कोपऱ्यात तिरप्या पट्ट्याही घातल्या. जोडलेला पाय मोठ्या हातोड्याने ठोकून बघतो, मगच तिच्यावर लाकूड चढवतो.

घोडीसाठी तुम्ही विहिरीचा जुना जीआय पाइप वापरणार असाल तर जरा थांबा. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर छातीत जातो. मी एकदा बंद गोठ्यात असे चार जोड केले आणि रात्री गोधडी पांघरूनही थडथड कापत होतो. तोंडाला धातूची चव, अंगात ताप. दूध पिऊन हे टळतं असं बरेच जण सांगतात, मी प्यायलो होतो, टळलं नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त ग्राइंडरने पूर्ण उतरवा, उघड्यावर काम करा, वारा पाठीकडून तिरका घ्या. मी आता भंगारातून काळा (जस्त नसलेला) अँगलच आणतो.

चेनसॉचं दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे पाऊस संपल्यावर सुरूच न होणं, किंवा सुरू होऊन जोर पडला की मरणं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. टाकीत चार महिने ठेवलं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं आणि इंजिनला तेच मिळतं. कार्ब्युरेटरचा पातळ पडदा ताठ होतो, जुनी नळी तडकते. म्हणून मेच्या शेवटी टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मिश्रण लागेल तेवढंच करा. माझ्या यंत्रावर २५:१ लिहिलंय, म्हणजे लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल. तुमच्यावर जे लिहिलं असेल ते पाळा.

पाच-दहा मिनिटं चालून बंद पडत असेल तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि यंत्र लगेच सुरू झालं तर टाकीचं हवेचं भोक बुजलंय. नाही आला तर एअर फिल्टर झटका, टाकीतला फिल्टर बदला, सायलेन्सरच्या जाळीवरची काजळी काढा.

आणि लाकूड कापण्याआधी ब्रशने झाडा. पहिल्या वादळात आडवा झालेला अकेशिया लाल मातीत लोळलेला असतो. सालीत बसलेली ती माती आणि चिऱ्याचे कण चेनची धार दोन मिनिटांत खातात. उभं झाड तोडायचं असेल तर ते आपल्याच जमिनीत असलं तरी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागते. पडलेल्या झाडावर करवत चालवण्याआधीही वन खात्यात विचारून घेतलेलं बरं.

बार बदलायला मला दोन आठवडे लागले, माझ्या मापाचा वाळपईत मिळाला नाही, फोंड्याहून आणावा लागला. नवीन बार आल्यापासून प्रत्येक धारेनंतर तो उलटा करून बसवतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. उरलेलं जळण जूनच्या पहिल्या सरीच्या आदल्या संध्याकाळी आत आलं, आणि शेवटचे दोन ओंडके काकांनीच धरले.